कातरवेळचा रोल

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींत कुमार वैरागडे हा बिनमाणसांचे फोटो काढणारा म्हणून ओळखला जायचा. सहल असो की कोणाच्या मुलाचा वाढदिवस, जुना काळा कॅमेरा त्याच्या गळ्यात असायचाच. पण केकभोवती सगळे जमले की हा खिडकीशी उभा राहून बाहेरच्या ढगांकडे बघत बसायचा. "अहो वैरागडे, तुमच्या फोटोत आम्ही कुठे दिसतो का?" असं कोणी टोचलं की तो हसून म्हणायचा, "माणसं सगळी बाबांनी काढून संपवली. माझ्या वाट्याला आभाळ उरलं."

एका अर्थी ते खरंच होतं. त्याचे वडील गुरुनाथ वैरागडे यांचा यवतमाळला बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता, मागच्या बाजूला घर. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या स्टुलावर बसून गेल्या होत्या. परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, लग्नं, मुंजी, आणि कोणी गेलं की तिरडी बांधण्याआधी घाईघाईने काढायचा तो शेवटचा फोटो. कुमारचा पासपोर्टचा फोटोसुद्धा त्यांनीच काढला. "हनुवटी खाली. कान दिसू दे," एवढंच बोलले आणि डार्करूममध्ये गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

कुमार सत्त्याण्णव साली अमेरिकेत आला. निघताना बाबांनी आपला कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि एकच अट घातली.

"रोल तिकडे धुवायचा नाही. तू काढ, मी धुतो."

तेव्हापासून तेच चाललं होतं. कुमार ब्लॅक अँड व्हाइट रोल भरायचा आणि नागपूरकडे जाणारं कोणी निघालं की त्याच्या बॅगेत टाकायचा. गावी जाणाऱ्याच्या बॅगेत आपलं काहीतरी टाकणं ही तिथल्या मंडळींची रीतच होती. कोणी व्हिटॅमिनच्या बाटल्या द्यायचं, कोणी बदाम, कोणी भाच्याचे बूट. कुमारचा रोल तर मुठीत मावायचा, त्यामुळे त्याला कोणी नाही म्हणत नसे.

बाबा फोनवर फार बोलणारे नव्हते. तब्येत बरी आहे, ऊन फार आहे, ठेवतो. पण रोल धुतला की त्यांना कंठ फुटायचा. "ते तळं बरं आलं. पण तू सूर्याला भिऊन राहिला. अजून थोडं उघडायला पाहिजे होतं." किंवा, "एवढा बर्फ आणि माणूस एक नाही? काहून रे, सगळे मेले का तिथले?" दोन हजार दोन साली कुमारची नोकरी गेली, तेव्हा त्याने घरी काहीच कळवलं नव्हतं. त्या महिन्यांतला रोल धुऊन बाबांनी फोन केला. इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी सरळ विचारलं, "नोकरी आहे ना तुझी? नुसत्या रिकाम्या पार्किंगचे फोटो आहेत म्हणून विचारतो." कुमारची बायको रेणू शेजारी उभी होती. तिने पाहिलं, कुमार फोन कानाला धरून खाली बसला होता.

नोकरी पुढे दुसरी लागली. पण तोवर व्हिसाची सहा वर्षं भरली आणि सगळा भार ग्रीन कार्डाच्या अर्जावर येऊन पडला. अर्ज चालू असताना देशाबाहेर जायचं तर आधी परवानगीचा कागद हातात हवा. तो नसताना गेलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात आणि परत यायची वाट बंद होते. कुमारने कागदासाठी अर्ज केला. तिकडे असे फोटो औषधाच्या दुकानातच काढतात. तिथली मुलगी म्हणाली, उजवा कान दिसला पाहिजे, नियम आहे. कुमारने मान वळवली.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्याच्या तोंडावर नीलाताईचा फोन आला. नीला त्याची मोठी बहीण. ती यवतमाळलाच शाळेत शिक्षिका होती आणि आई गेल्यापासून बाबांचं तीच बघत होती.

"खोकला म्हणून दाखवायला नेलं होतं," ती म्हणाली. "फुप्फुसात गाठ आहे. पसरली आहे म्हणतात. तू घाबरू नको, पण जमलं तर येऊन जा."

कुमारने वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, डॉक्टरांचं पत्र जोडून लवकर द्या असं लिहू, उत्तर येईल तेव्हा येईल. कुमारने पत्र मागवलं, जोडलं, पाठवलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की आधी तो खाली टपालाच्या पेटीशी जायचा. पेटीत पिझ्झाच्या जाहिराती असायच्या.

जूनमध्ये बाबाच फोनवर आले. आवाज बसला होता.

"तू येऊन राहिला का?"

"परवानगी यायची आहे बाबा. आली की निघतो."

"बरं. नाही आली तरी आपण काय करणार." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुमार, तिकडे मोठे पहाड आहेत म्हणतात. एक वीज काढून पाठव. हात चालतात तोवर धुतो."

कुमारला पुढचं सांगावं लागलं नाही. तो लहान असताना सगळे चिखलदऱ्याला गेले होते. संध्याकाळी दरीवर आभाळ भरून आलं. बाबांनी कठड्याशी स्टँड लावला, शटर उघडं ठेवलं आणि छत्री धरून उभे राहिले. आई खोलीच्या दारातून ओरडत होती. वावटळ आली, छत्री उलटी झाली, स्टँड कलंडला आणि कॅमेऱ्याची काच दगडावर आपटून तडकली. त्या हंगामाची लग्नं मग त्यांनी उसन्या कॅमेऱ्यावर काढली. पुढे कधी कोणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की ते म्हणायचे, "सगळं काढून झालं. एक वीज तेवढी राहिली."

"ऐक," बाबा फोनवर सांगत होते, "रात्री काढशील तर नुसती रेघ येते. कुठे पडली काही कळत नाही. दिवसा काढशील तर उजेडच सगळं खाऊन टाकतो. कातरवेळेला काढ. पहाडही दिसला पाहिजे आणि वीजही. आणि तिच्या मागे धावू नको. शटर उघडून बसून राहा, यायची असली तर येते. स्टँडला हात लावून उभा राहू नको मात्र. लोखंड आहे ते."

शॉमबर्गच्या आसपास डोंगर औषधालाही नाही. कोलोराडोला जायचं ठरलं. ऑफिसमधला नंदू म्हणाला, "आम्हीपण येतो यार. आई आली आहे, तिला मॉल सोडून काहीतरी दाखवू." नंदू तिशीतला, अजून लग्नाचा. त्याची आई सुचित्राकाकू नागपूरहून मुक्कामाला आली होती आणि ऑगस्टअखेर परत जाणार होती. ती नागपूरला चालली आहे हे कळल्यावर कुमारला पहिल्यांदा जरा धीर आला. वीज मिळाली तर ती न्यायला माणूसही ठरलं होतं.

एका व्हॅनमध्ये सगळे निघाले. आयोवातला मका संपता संपेना, आणि नेब्रास्का तर संपणारच नाही असं वाटायला लागलं. कुमारची मुलगी वल्लरी नऊ वर्षांची. ती मागून दर तासाला विचारायची, "आर वी देअर येट?" आणि काकू तिला दर तासाला एक चकली द्यायच्या.

"मला एक सांग कुमार," काकू म्हणाल्या, "विजेचा फोटो काढायला इतक्या लांब? आमच्या नागपूरला गच्चीवर बस. मृगात रोज दोनचार पडतात. एकदा तर शेजारच्यांच्या अँटेनावर पडली."

"काकू, त्याला पहाडावरची हवी आहे," रेणू म्हणाली.

"मग पहाडापुढे वल्लरीला उभी कर. नुसता पहाड काय बघायचा!"

"आई, वीज पडत असताना वल्लरीला उभी करायची?" नंदू म्हणाला.

"इश्श, मी आपलं फोटोचं बोलतेय."

कुमारही हसला. त्या प्रवासात तो तेवढाच हसल्याचं रेणूला पुढे आठवायचं.

एस्टेस पार्क नावाच्या गावात मोटेलमध्ये ते उतरले. पहिल्या संध्याकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. दुसऱ्या संध्याकाळी इतका पाऊस की समोरचा डोंगरच नाहीसा झाला. कुमार कॅमेरा मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये बसून राहिला आणि काच पुसत राहिला. मोटेलमधून त्याने यवतमाळला फोन लावला. नीलाताई म्हणाली, "आज पाणीसुद्धा चमच्याने घेतलं. पण तुझा रोल कधी येतो ते दोनदा विचारलं."

तिसरा दिवस शेवटचा होता. दुपारपासून डोंगरांच्या मागे ढग चढायला लागले. आधी कापसासारखे, मग खालून निळसर, मग वर पसरट होत ऐरणीसारखे. वाऱ्याला ओल्या दगडाचा वास होता. डोंगरावरून खाली येणाऱ्या रस्त्याला एके ठिकाणी गाड्या थांबवायला मोकळी जागा होती आणि समोर आडवी डोंगररांग. खोबणींतून अजून बर्फ उरलेला. कुमारने तिथे स्टँड लावला, पायांवर दगड रचले आणि फ्रेम बांधून कॅमेऱ्याला तार जोडली. तारेचा स्क्रू फिरवला की शटर उघडंच राहायचं. तो ते उघडून पळत गाडीत येऊन बसायचा आणि थोड्या वेळाने पळत जाऊन बंद करायचा.

"वीज आणायला जातोस आणि अंगावर घेऊन येशील," रेणू म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबांनी सांगितलंय तसंच करतोय."

"बाबांनी एकदा काच फोडून घेतली होती, ते विसरलास?"

गारा आल्या. गाडीच्या टपावर ताशा वाजल्यासारखा आवाज झाला. काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणायला लागल्या. कुमारने कॅमेऱ्यावर शॉवरची प्लास्टिकची टोपी घातली होती, मोटेलमधली. गारा थांबल्या तसा तो ती काढायला गेला. विजा होत होत्या, पण ढगांच्या पोटात, किंवा चौकटीच्या बाहेर. एक तर पाठीमागेच पडली. तो परत परत जात होता आणि रोल संपत आला होता. आणि उजेडही.

मग पश्चिमेला ढगाखाली एक फट पडली. तिच्यातून तांबूस उजेड आडवा आला आणि डोंगराच्या कडा, बर्फाच्या रेघा, एकेक झाड, सगळं लख्ख उठलं. वर आभाळ काळंशार. बाबा म्हणत होते ती वेळ हीच, हे कुमारला कळलं. कॅमेऱ्यात शेवटची चौकट उरली होती. त्याने शटर उघडलं आणि या वेळी तो गाडीत आला नाही. स्टँडपासून दूर, रस्त्याच्या कडेला, पाय जवळ घेऊन उकिडवा बसला.

ती आली. ढगातून निघून मधल्या शिखरावर सरळ उतरली, आणि उतरताना तिला डावीकडे एक फांदी फुटली. डोळे मिटायच्या आत ती थरथरून पुन्हा त्याच वाटेने उजळली. आवाज नंतर आला. तो छातीत ऐकू आला. कुमारने उठून तार सोडली. शटर मिटल्याचा बारीक टक आवाज झाला. त्याला रडू येत होतं की थंडीने दात वाजत होते हे त्यालाच कळेना.

"आली?" नंदूने काच खाली करून विचारलं.

"आली."

"दाखव ना यार!" नंदूच्या हातात त्याचा नवा डिजिटल कॅमेरा होता. त्याने तीसचाळीस फोटो काढले होते आणि सगळ्यांत नुसता काळोख आला होता.

"यवतमाळला दिसेल," कुमार म्हणाला.

परतीच्या वाटेवर नंदू त्याला समजावत होता. "अरे, शिकागोत धुऊन घे. स्कॅन कर, ई-मेल कर. नीलाताई कुठल्याही कॅफेत प्रिंट काढतील. परवा काकांच्या हातात फोटो."

"त्यांना फोटो नकोय. रोल हवाय."

"पण वेळ..."

"नंदू, ते काही खात नाहीत. काही मागत नाहीत. हे एक मागितलंय त्यांनी. धुवायला मागितलंय."

रेणू खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला नंदूचं पटलं होतं.

काकू निघायच्या आदल्या दिवशी नंदूच्या हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या. नंदू एकेक बॅग छातीशी धरून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा राहत होता आणि काकू खालून आकडा वाचत होत्या. कुमार रोल घेऊन आला. काळ्या डबीत, वर चिकटपट्टी.

"काकू, हा तुमच्या पर्समध्ये राहू द्याल का?"

"पर्समध्ये नको रे बाबा. येताना माझी साडीची पिन काढून घेतली त्या मेल्यांनी. ही डबी पाहून काय विचारतील, आणि मी इंग्रजीत काय सांगू? आतापर्यंत तुझे रोल कसे गेले?"

"मोठ्या बॅगेतूनच गेले."

"मग झालं तर. मोठ्या बॅगेत टाक."

ते बरोबरच होतं. सहा वर्षांत एकही रोल बिघडला नव्हता. कुमारच्या मनात एकच भीती होती, बॅगांच्या फेकाफेकीत डबी चेपायची. काकूंनी येताना ज्यातून चिवडा आणला होता तो स्टीलचा डबा रिकामा पडला होता. कुमारने डबी वल्लरीच्या मोज्यात गुंडाळली, डब्यात ठेवली, डब्याला सुतळी बांधली आणि साड्यांच्या मधोमध खोचून दिला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर ती बॅग काउंटरच्या पट्ट्यावर त्यानेच उचलून ठेवली. बॅग हलत हलत रबरी झालरीखालून आत गेली, तोवर तो पाहत उभा होता.

काकूंनी नागपूरला उतरल्यावर घरी जायच्या आधीच भाच्याला डबा घेऊन यवतमाळला धाडलं. आणि दोन दिवसांनी नीलाताईचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"आज धुतला. सकाळपासून चहा घेतला नाही, चहाने हात कापतो म्हणून. मी आणि शेजारच्या मोरेश्वरकाकांनी खुर्चीसकट उचलून डार्करूममध्ये नेलं. दिवा बंद केला तर म्हणाले, आता बरं दिसतं. मी आत त्यांच्या पाठीला हात लावून उभी होते, काही दिसत नव्हतं. एकदा काहीतरी खाली पडलं. मी शोधून दिलं. मग रोल औषधाच्या टाकीत घालून झाकण लावलं, म्हणाले, आता लाव दिवा. घामाने भिजले होते, पण कुमार, मी त्यांना इतकं खुशीत किती दिवसांनी पाहिलं."

"मग?"

"मग काही नाही रे. ट्यूबलाइटसमोर धरलं आणि धरूनच राहिले. सगळं एकसारखं राखाडी आहे. चित्रच नाही. अरे थांब, ते मागतात."

फोन हातातून हातात गेला.

"पोरा," बाबा म्हणाले, "मी तुझा रोल खराब केला."

"नाही बाबा. माझंच काहीतरी चुकलं असेल. गारा होत्या, पाणी गेलं असेल..."

"मला सांगू नको. कोरा रोल कोणता आणि उजेड लागलेला कोणता, हे मला कळत नाही? उजेड लागला आहे. दार नीट बसलं नसेल. नाहीतर हातातून पडला तेव्हा..." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत कुमार फोन कानाला गच्च दाबून उभा होता. "कशी होती?"

"काय?"

"वीज."

कुमारने सांगितलं. मधलं शिखर, डावीकडची फांदी, ढगाखालून आलेला तांबूस उजेड. बाबा हूं हूं करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आली होती. मीच घालवली."

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. भर दुपारी ते नीलाताईला डार्करूममध्ये पाठवायचे, दार आतून लावून घ्यायला सांगायचे आणि खाटेवरून विचारायचे, "दिसतो का कुठे उजेड?" ती आतून म्हणायची, "नाही बाबा." "फटीत पाहा. खाली पाहा." तिला रोज काळोखात उभं राहावं लागायचं. एक दिवस ती "दिसतो" म्हणाली, निदान शोध तरी संपेल म्हणून. तेव्हापासून त्यांनी विचारणं सोडलं, आणि बोलणंही. फोटो मोठे करायचा एन्लार्जर भंगारात देऊन टाक, एवढंच एकदा म्हणाले.

कुमारला यातलं काही कळायचं, काही नाही. तो ऑफिसला जायचा, यायचा, पेटी उघडायचा. बाबांनीच रोल बिघडवला असंच त्यालाही वाटत होतं. हात कापत होते, फिल्म धुवायची पावडर जुनी असेल. हे वाटणं त्याला सहन होत नव्हतं, पण दुसरं कारण सुचत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये नंदू मुली पाहायला भारतात निघाला. कुमार त्याला सोडायला ओहेअर विमानतळावर गेला. रांग लांब होती. नंदू बडबडत होता, "तीन मुली आईने ठरवून ठेवल्यात. एक आठवडा, तीन पोहे." बॅग पट्ट्यावर ठेवायला कुमार वाकला आणि उठताना त्याचं लक्ष काउंटरच्या कोपऱ्यातल्या छोट्या पाटीकडे गेलं. तिच्यावर फिल्मच्या रोलचं चित्र होतं. न धुतलेली फिल्म या सामानात ठेवू नका, तपासणीच्या यंत्राने ती खराब होते, हातातल्या सामानात न्या. मोठ्या बॅगांसाठी ही जबर यंत्रं त्याच वर्षी बसवली होती.

त्याने ते पुन्हा वाचलं. मागचा माणूस "एक्स्क्यूज मी" म्हणाला तेव्हा तो बाजूला झाला.

"काय झालं?" नंदूने विचारलं.

"इथेच होती," कुमार म्हणाला. "मी बॅग उचलून ठेवली तेव्हा ही पाटी इथेच असणार."

नंदूने पाटी वाचली.

कुमारने तिथेच भिंतीशी उभं राहून फोनकार्डाचे आकडे दाबले. चुकले. पुन्हा दाबले. यवतमाळला तेव्हा सकाळ होती.

"ताई, बाबांना फोन दे. त्यांचा हात चुकला नव्हता. विमानतळावरच्या मशीनने गेला रोल. मी मोठ्या बॅगेत टाकला, मी. त्यांना दे."

"कुमार, ते कालपासून डोळे उघडत नाहीत."

"कानाशी धर."

वायर ओढल्याचा, खाट कुरकुरल्याचा आवाज आला. मग श्वास ऐकू आला, एखादी जड वस्तू ओढावी तसा.

"बाबा, कुमार बोलतोय. तुमचा हात चुकला नाही. दार बरोबर होतं. उजेड इथे लागला, शिकागोला, मशीनमध्ये. माझी चूक झाली. बाबा, तुम्ही बरोबर धुतला होता." तो तेच तेच मोठ्याने बोलत राहिला. ट्रॉल्या ढकलत लोक बाजूने जात होते. काहींनी वळून पाहिलं.

बऱ्याच वेळाने नीलाताईचा आवाज आला. "सांगून झालं का?"

"ऐकलं का त्यांनी?"

"माहीत नाही रे. ओठ हलले. पण ते पहाटेपासूनच हलतायत."

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. अग्नी चुलतभावाने दिला. परवानगीचा कागद त्यानंतर आला. त्यावर कुमारचा फोटो होता, मान वळवलेला, उजवा कान दिसणारा. रेणू म्हणाली, "जाऊन ये. ताईंसाठी तरी." तो म्हणाला, "जाईन." त्या वर्षी तो गेला नाही.

नंदूचं लग्न काही जमलं नाही. पण परतायच्या आधी तो यवतमाळला नीलाताईला भेटून आला. शॉमबर्गला आल्यावर तो थेट कुमारकडे आला आणि शर्टच्या खिशातून एक पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"ताईंनी दिलंय. हातातूनच आणलं," तो म्हणाला, आणि चहासाठी थांबला नाही.

पाकिटात धुतलेला रोल होता, बाबांच्या सवयीप्रमाणे सारख्या पट्ट्या कापून. कुमार स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. बाहेर पार्किंगवर संध्याकाळ उतरत होती. त्याने एकेक पट्टी काचेला लावून पाहिली. राखाडी. मधून नागमोडी, जरा गडद पट्टा, एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेलेला. तो मशीनचा. डोंगर नाही, बर्फ नाही. शेवटची पट्टी त्याने उजेडाकडे तिरपी केली आणि तसाच थांबला.

शेवटच्या चौकटीवर अंगठ्याचा ठसा होता. स्वच्छ, रेघ न् रेघ उमटलेला. धुण्याआधी फिल्मला बोट लागलं की त्याचा चिकटपणा राहतो आणि तिथे औषध धरत नाही. कुमारला हे बाबांनीच लहानपणी शिकवलं होतं, आणि एकदा बोट लावलं म्हणून कानही पिळला होता. रोल नेहमी कडेला धरायचा. उभ्या आयुष्यात त्यांचा अंगठा कोणाच्या फोटोवर उमटला नव्हता.

म्हणजे हात चुकला होता. मशीनने रोल बिघडवला नसता तरी त्या चौकटीवर, त्या शिखरावर, हा डाग पडलाच असता. आणि तो विमानतळावर ओरडून ओरडून त्यांना सांगत होता की चुकला नाही.

वल्लरी फ्रिजमधून ज्यूस घ्यायला आली. त्याच्या दंडाखालून वाकून तिने पट्टीकडे पाहिलं.

"इज दॅट आजोबाज् लाइटनिंग?"

"नाही," कुमार म्हणाला. "तो त्यांचा अंगठा आहे."

तिला काही कळलं नाही. ती ग्लास घेऊन टीव्हीकडे गेली. कुमार पट्टी काचेला धरून उभा राहिला. बाहेरचा उजेड कमी होत गेला तसा ठसा फिकट झाला. पुढे काचेत त्याला नुसता आपलाच चेहरा दिसायला लागला, तरी त्याने हात खाली घेतला नाही. शेवटी रेणू आली आणि तिने दिवा लावला.